‘सायकल झालेली’ टाकी म्हणून माझ्या गळ्यात कोरी टाकी मारली

फोंडा परिसरात घरी येऊन प्लांटेड टाकी (जिवंत झाडं असलेली माशांची टाकी) लावून देणाऱ्या एका माणसाने मला 16,910 रुपयांना बुडवलं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही, पण त्याच्या जाहिराती अजून सुरू आहेत, म्हणून पद्धत सांगतो.

दोन फुटी टाकी, सॉइल (तळाला घालायची झाडांची माती), लाइट, ‘टिश्यू कल्चर’ (प्रयोगशाळेत वाढवलेली) झाडं आणि ‘तीन महिने चाललेला’ कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा डब्याचा फिल्टर), सगळं मिळून 14,500. त्यातले 5,000 आगाऊ यूपीआयने, 9,500 टाकी लावल्यावर रोख. कोऱ्या टाकीत माशांना घातक अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे जातात, यालाच टाकी ‘सायकल होणं’ म्हणतात. मुलाला एवढा धीर नव्हता, म्हणून तर तयार फिल्टरचे जादा पैसे मोजले. हाव नडली असं कोणी म्हणेल, पण यात हाव कसली?

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. फिल्टर उघडला तेव्हा आतला स्पंज पांढराशुभ्र होता. तीन महिने चाललेला स्पंज तपकिरी, बुळबुळीत असतो. मी विचारलंही. तो म्हणाला, “पात्रांव, भियेनाका. तुमच्या घरी आणायचा म्हणून नळाखाली स्वच्छ धुतला.” नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने जिवाणू मरतात. तीन महिने जपलेला स्पंज कोणी नळाखाली धरत नाही. थापही धड मारली नव्हती त्याने, आणि तिथेच त्याला टाकीसकट परत पाठवायला हवं होतं. पण लगेच त्याने टेस्ट किट काढून अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेटही शून्य दाखवलं. नायट्रेट का नाही, तर म्हणे झाडं खातात. दाट झाडांच्या जुन्या टाकीत ते खरंही असतं, म्हणून तर ते पटतं. पण इथे झाडं अर्ध्या तासापूर्वी लावलेली! ते नुसतं ताजं पाणी होतं. समोर माणूस नळ्या हलवून रंग दाखवत असताना कोणाला संशय येईल?

त्याच्याच सांगण्यावरून 960 रुपयांचे बारा निऑन टेट्रा मासे सोडले. नवं सॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी मानणार नाही. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. शेजाऱ्याच्या किटमध्ये पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. एकही मासा वाचला नाही.

टिश्यू कल्चरची झाडं बंद कपात, जेलमध्ये येतात. त्यात गोगलगाय असूच शकत नाही. याची झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. पानाच्या मागे पारदर्शक जेलीचा ठिपका दिसला तर समजा अंडी आहेत. माझ्या काचेवर थोड्याच दिवसांत ब्लॅडर स्नेल (छोट्या गोगलगायी) भरल्या. फोन केला, तर माफी नाही, उलट 850 रुपयांची लेबल नसलेली बाटली दिली. ती ओतल्यावर गोगलगायी मेल्या आणि टाकीतले 600 रुपयांचे श्रिम्पही (छोट्या कोळंब्या) गेले. अशा औषधांत बहुधा तांबं असतं आणि ते श्रिम्पला घातक. लेबल नसलेली बाटली टाकीत ओतू नका. काकडीची चकती रात्री टाकून सकाळी उचलली तरी गोगलगायी पुष्कळ निघतात, एक पैसा लागत नाही.

पोलिसांकडे गेलो. “बाब, नुस्तें मेलें म्हणून एफआयआर करूंक येना.” मासे मेल्याची तक्रार मी करतच नव्हतो! खोटं सांगून पैसे घेतले, ही तक्रार होती. त्यावर पोलिस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण, ग्राहक मंचाकडे जा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. म्हणजे पिस्तूल रोखलं असतं तरच फसवणूक? एका कचेरीत बिल मागितलं, नाही म्हटल्यावर माणसाने फाइल बाजूला सारली. ज्याने फसवायचं ठरवलंय तो बिल देईल का? जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती, त्याचे आवाजी मेसेज, हे सगळं माझ्या हातात होतं. कोणी ऐकायला तयार नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार लगेच नोंदवली तर पैसे अडवता येतात, हे मला पैसे गेल्यावर कळलं, आणि 9,500 तर रोख होते, ते कोण अडवणार?

म्हणून रोख देऊ नका. टेस्ट किट स्वतःचं ठेवा, विक्रेत्याच्या नळीत पाहू नका. फिल्टर तयार आहे म्हणत असेल तर 2 पीपीएम (लिटरमागे 2 मिलिग्रॅम) अमोनिया घालून 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात का ते पाहा आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या. झाडं तुरटीच्या पाण्यात बुडवून, धुऊनच लावा.

5 लाखांपर्यंतच्या मालासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, मी अर्ज तयार केला आहे. अशाच जाहिरातीला फोंडा, मडगाव किंवा म्हापशात कोणी बळी पडलं असेल तर जाहिरात गायब होण्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या आणि आपली तक्रार वेगळी नोंदवा.