"पिस्टन बसवूनच देतो" म्हणणाऱ्या मशीन शॉपपासून सावध राहा

इंजिन घरी उतरवता येतं, खोलता येतं, धुता येतं, पुन्हा बांधताही येतं. ब्लॉक बोअर करणं (सिलेंडर आतून कापून मोठे करणं) आणि क्रँक ग्राइंड करणं (क्रँकशाफ्ट घासून गोल, गुळगुळीत करणं) मात्र घरी होत नाही. ही दोन कामं बाहेर द्यावीच लागतात, आणि माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली. ज्यांचा ब्लॉक लवकरच मशीन शॉपमध्ये जाणार आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

गाडी पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरची. १९८९ मध्ये आलेल्या या गाडीचं इंजिन घरी बांधायला फार चांगलं आहे: बिडाचा ब्लॉक, चार सिलेंडर, वर दोन कॅमशाफ्ट, ७८ मिमी बोअर, ८३.६ मिमी स्ट्रोक. माझ्या ब्लॉकची झीज नुसत्या होनिंगने, म्हणजे सिलेंडरची भिंत दगडाने वरवर घासून, निघण्यासारखी नव्हती. म्हणून मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा (ओव्हरसाइज), म्हणजे ७८.५० चा बोअर, नवे पिस्टन आणि रिंग, शिवाय क्रँक पाव मिलिमीटर बारीक (अंडरसाइज) ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग, असं काम ठरलं. पिस्टन आणि बेअरिंग शॉपवालेच आणणार होते. जुने पिस्टन मला परत हवेत, हे मी सामान देतानाच सांगून ठेवलं होतं.

मग एके दिवशी फोन आला. "क्रँक, पिस्टन आम्ही बसवूनच देतो. वेगळे पैसे नकोत. तुम्ही फक्त हेड चढवा."

हाच डाव होता. सुटा ब्लॉक समोर आला की माणूस बोअरमध्ये गेज घालतो, पिस्टन हातात घेऊन बघतो, क्रँकच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) मायक्रोमीटर लावतो. सगळं बसवून, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं की दिसतात फक्त पिस्टनचे चार चकचकीत माथे. मी नको म्हटलं, तरी ब्लॉक आला तो बसवलेलाच. जुन्या पिस्टनचं विचारलं तर उत्तर मिळालं, "ते भंगारात गेले हो."

ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर सहसा तसा शिक्का असतो, ०.५० किंवा ०५०. इथे काहीच नव्हतं. "सगळ्याच कंपन्या मारत नाहीत," असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. मी रॉडच्या कॅप खोलून पहिला पिस्टन बाहेर काढला. नव्या पिस्टनच्या स्कर्टवर मशीनिंगच्या बारीक आडव्या रेघा असतात. इथे मधल्या पट्ट्यात त्या घासून गुळगुळीत झालेल्या होत्या. मग ऑइल रिंग उतरवली. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात कार्बनचा कडक थर तसाच होता, आणि तेल परत जाण्याची बारीक भोकं अर्धी बुजलेली होती. सुईने खरवडल्यावर काळा चुरा कागदावर पडला. भंगारात गेले म्हणून सांगितलेले माझेच पिस्टन वरून पॉलिश करून माझ्याच ब्लॉकमध्ये परत घातले होते.

बोअर गेज लावला. वर, जिथे पहिली रिंग पोचून मागे फिरते तिथे, माप ७८.०९, खाली ७८.०२. ७८.५० कुठेच नाही. ब्लॉक बोअरिंग मशीनवर चढलाच नव्हता. नुसता होन फिरवून भिंतीवर ताजी जाळी उमटवली होती, म्हणजे बघणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटावं.

बोअर गेज सगळ्यांकडे नसतो, पण ही लबाडी त्याच्याशिवायही पकडता येते. एक रिंग सुटी काढून सिलेंडरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवा आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेज (ठराविक जाडीची पातळ पट्टी) घाला. आधी वर, मग खाली. परीघ व्यासाच्या ३.१४ पट असतो, त्यामुळे व्यासातला ०.०७ मिमीचा फरक फटीत ०.२२ मिमी होऊन दिसतो. नीट बोअर झालेल्या सिलेंडरमध्ये दोन्हीकडची फट जवळजवळ सारखी येते.

अशा निमुळत्या बोअरमध्ये रिंग वर-खाली जाताना सतत उघडत-मिटत राहते. इंजिन सुरू होतं, सुरुवातीला बरं चालतं, मग तेल खायला लागतं. तोवर शॉपवाला म्हणायला मोकळा असतो, "घरी बांधलंत ना, तुमच्याच हातून काहीतरी राहिलं असेल." घरी काम करणाऱ्याच्या माथी खापर फोडणं फार सोपं असतं. पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप आला.

क्रँकची गोष्ट याहून वाईट. बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ ऐवजी स्टँडर्डचा शिक्का होता, आणि मेन जर्नल मूळच्या ५० मिमीच्या आसपासच भरले. ग्राइंडिंग झालंच नव्हतं. पुढे टायमिंग पुली चढवायला गेलो तर माझी चावी (पुली क्रँकवर फिरू नये म्हणून घालायचा धातूचा छोटा तुकडा) खाचेत बसेना, कारण खाचच आखूड होती. क्रँक माझा नव्हताच. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड असे. तिथला बोल्ट सैल पडला की चावीची खाच ठोकून ठोकून रुंदावते, पुली हलायला लागते, टायमिंग बिघडतं आणि शेवटी क्रँक निकामी होतो. म्हणून पुढे नाक लांब केलं गेलं. माझा लांब नाकाचा क्रँक त्यांनी ठेवून घेतला आणि कुठल्या तरी जुन्या इंजिनातला आखूड नाकाचा मला दिला. बांधलेल्या इंजिनात ओळख पटवायची तर क्रँक पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा: चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब.

सामान देण्याआधी मी क्रँकचे पुढून आणि बाजूने फोटो काढले होते, प्रत्येक जर्नलचं माप लिहून ठेवलं होतं, सिलेंडरचीही मापं होती. ते सगळं समोर ठेवल्यावर बोअरिंग आणि पिस्टनचे पैसे परत मिळाले. क्रँकच्या बाबतीत मात्र त्यांनी कानावर हात ठेवले. "चुकून बदलला गेला असेल, आता कुठे शोधणार?" यापलीकडे उत्तर नाही. पैसे परत देताना त्यांनी आखूड नाकाचा क्रँक परत मागून घेतला.

ब्लॉक आता दुसरीकडे बोअर झाला आहे. या वेळी नवे पिस्टन आधी मी आणून दिले, त्यांनी प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने त्याचा सिलेंडर कापला, आणि मापांचा कागद सही करून दिला. क्रँक अजून मिळालेला नाही. आणि तो आखूड नाकाचा क्रँक त्या शॉपमध्येच आहे, पॉलिश केलेला, पुढच्या गिऱ्हाइकाला देण्यासारखा. तुमचं इंजिन १.६ असेल तर क्रँक ताब्यात घेताना सगळ्यात आधी त्याचं नाक बघा, आणि बघून होईपर्यंत बाकीचे पैसे देऊ नका.