लेकीच्या लग्नाला बाई पुरोहित : आमचा अनुभव

माझ्या थोरलीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात सांगलीच्या एका कार्यालयात झालं. लग्न लावायला पुण्याहून बाई पुरोहित आल्या होत्या. आमच्या शिरोळ तालुक्यात असं अजून फारसं कुणी केलेलं नाही. बाजारात, बँकेत भेटलेल्या बायका खोदून खोदून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले. लग्न ठरलं तसा कन्यादानाला कोण बसणार हा प्रश्न आला. घरच्या नेहमीच्या गुरुजींनी सांगितलं, धाकटे दीर-जाऊ बसतील, तुम्ही पुढच्या रांगेत खुर्चीवर बसा. मायेनंच सांगितलं त्यांनी. पण मला खुर्ची नको होती, पाट हवा होता. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. मग लेकीच्या लग्नात आईनं लांब का बसायचं?

बाई पुरोहित म्हटल्यावर भाऊजी भडकले. "वहिनी, बायकांनी मंत्र म्हणायचे नसतात. उद्या लग्नाला काही झालं तर?" पुण्यात बायका सत्तरच्या दशकापासून पौरोहित्य शिकताहेत, त्यांनी लावलेल्या लग्नांतली मुलं आता कर्ती झाली, हे सांगूनही त्यांना पटेना. दुसरीकडे लेकीची मैत्रीण. तिचं म्हणणं, बाई असो की बुवा, विधी म्हणजेच गुलामी. रजिस्टर लग्न करा, आणि काकांना कशाला विचारता, पुरुषच तो. तिनं स्वतः नोंदणी पद्धतीनं लग्न केलंय, तीस दिवसांची नोटीस लावून. चांगलं केलं. पण माझी लेक विचार करून होमापुढं बसत असेल तर तिला गुलाम म्हणायचा हक्क कुणालाच नाही. जोतिराव फुल्यांनीसुद्धा लग्नसोहळा मोडीत काढला नाही. त्यांनी भटजी वगळला आणि नव्या मंगलाष्टका लिहिल्या. त्यांत नवरी बायकांचे हक्क मागते आणि नवरा तसं वचन देतो. त्यांचा सत्यशोधक समाज १८७३ चा आहे, काल-परवाचा नव्हे.

आणि भाऊजींचं म्हणाल, तर मिस्टर गेल्यावर लेकीची कॉलेजची दोन वर्षांची फी त्यांनी भरली. दवाखान्यात रात्री त्यांनी जागवल्या. मंत्रांबद्दल ते चुकताहेत, एवढ्यावरून मी त्यांना लग्नातून बाजूला काढणार नव्हते.

बाईंना हे सगळं मी फोनवर सांगितलं. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या शेजारी दीर-जाऊ बसले तर चालेल?" मला तेच हवं होतं. पाटावर आम्ही तिघं बसलो. हातावर पाणी सोडताना बाईंनी 'नातिचरामि'चा अर्थ सांगितला : धर्मात, पैशाअडक्यात, सुखात हिला ओलांडून जाणार नाही. एरवी हे वचन नवऱ्याकडूनच घेतात. इथं आधी जावयानं दिलं, मग लेकीनंही दिलं. त्या वेळी भाऊजींचा हात माझ्या हाताखाली होता आणि तो थरथरत होता. लाजाहोमाला लाह्या चुलतभावानं घातल्या, सप्तपदीच्या प्रत्येक पावलाचा अर्थ बाईंनी मराठीत सांगितला. मांडवात इतकी शांतता मी आमच्याकडच्या लग्नात कधी बघितली नव्हती. विहीणबाईंनी तर नंतर बाईंकडचा तो अर्थांचा कागद मागून घेतला.

आता उणं काय ते. सामानाची यादी दोनच दिवस आधी मिळाली. समिधा आणि साळीच्या लाह्यांसाठी माझा भाऊ जयसिंगपूरभर हिंडला. विवेचन लांबलं. विधी सव्वा दोन तास चालला, मागे म्हातारी माणसं भुकेली बसली होती. भाषाही जरा पुस्तकी. 'सहधर्मचारिणी' म्हटलं की आमच्या शेतकरी पाहुण्यांना काय कळणार? कन्यादानावेळी मुलगी ही वस्तू नाही असं त्या बोलायला लागल्या, ते पटणारंच होतं. पण जुन्या लोकांना दोष दिल्यासारखं ऐकू जायला लागलं. मी हळूच खूण केली, त्यांनी लगेच आवरतं घेतलं. तेवढ्यासाठी त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

दक्षिणा सात हजार, शिवाय पुण्याहून येण्या-जाण्याचा खर्च. आमच्या गुरुजींपेक्षा जास्तच आहे. यादी महिनाभर आधी लेखी मागा, वेळ दीड तासाची ठरवून घ्या.

कायद्याची भीती घालतात, त्याबद्दल सांगते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, पुरोहित पुरुषच हवा असं कुठेही नाही. विवाह नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, ती बाईंनी केली. नोंदणी कार्यालयात कुणी एक शब्द विचारला नाही.

लेकीची मैत्रीण लग्नाला आली होती, अक्षता टाकून, जेवून गेली. भाऊजींना बाईंचं मंत्र म्हणणं आजही पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांची वास्तुशांत आहे, ती नेहमीचे गुरुजीच करणार आहेत. पुरणाचा स्वयंपाक माझ्याकडे आहे.