गंगावेशीचा दूध कट्टा: धारोष्ण दूध आणि एक नवी कथा

म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं तर कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच जावं. म्हैस समोर उभी, धार समोर काढलेली, पेला फेसासकट हातात. पाणी घातलंय का, सकाळचं आहे का, हे प्रश्नच उरत नाहीत. दूध कोमट, दाट, किंचित गोडसर. गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांश बराच जास्त, त्यामुळं एका पेल्यातच पोट भरतं. साखर घालू नका, मूळ चव जाते.

मी तिथं जायला लागले ते दुधासाठी नव्हे. पन्हाळ्याच्या वेढ्यावर कादंबरी लिहीत होते. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा, जुलैतला तो पाऊस, विशाळगडाकडची वाट, सगळं टिपून ठेवलं होतं. पण माझी माणसं बोलायचीच नाहीत. बोलली तरी शाळेच्या पुस्तकातलं. लिखाण अडलं की शिवाजी पेठेतून चालत निघायचं आणि गंगावेशीत थांबायचं, अशी सवय लागली.

एका संध्याकाळी एक म्हैस काही केल्या पान्हवेना. पुढ्यात पेंड ठेवली, कास कोमट पाण्यानं धुतली, आचळांना तेलाचं बोट लावलं, तरी चरवी कोरडीच.

"मामा, आजारी आहे का हो?" मी विचारलं.

"आजारी कुठली वैनी, दूध चोराय लागलीया. हिची धार आमची सून काढती. ती माहेराला गेलीया. हिला तिचीच हाक लागती."

मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून म्हशीच्या कानाशी धरला. रिक्षांच्या हॉर्नमध्ये मला शब्द कळले नाहीत. म्हशीचे कान मात्र हलले. तिनं मान वळवून फोन हुंगला, आणि जरा वेळानं चरवीत पहिली धार वाजली.

दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी मालकाच्या हाकेवर मोटारसायकलमागं पळतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण ही हाक वेगळी होती. त्या रात्री वहीत एक मुलगी आली: माहेरी निघून आलेली, नवऱ्याचा फोन न उचलणारी, सासरच्या म्हशीसाठी मात्र रोज संध्याकाळी फोन घेणारी. तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येतं. कादंबरीचे कागद मी बांधून माळ्यावर ठेवले. फार जीव लावला होता त्यात, ठेवताना रडू आलं. तरीही ती पुन्हा काढायची नाही, हे पक्कं आहे. कथा आता अर्ध्यावर आलीय.

कट्ट्यावर जायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी, धारेच्या वेळेला जा. दूध उभ्यानंच प्यायचं असतं, आरामात बसायचा बेत नको. हे दूध कच्चं असतं, त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारी माणसांसाठी ते घरी नेऊन उकळूनच द्या. किटली घरून न्या. आणि धार चालू असताना गवळ्यांना प्रश्न विचारू नका. म्हैस बिचकते. चरवी बाजूला ठेवली की ते आपणहून बोलतात, आणि एकेका म्हशीचा स्वभाव सांगायला लागले की घरी जायची घाई करू नका.