विंडोजचं डायनॅमिक लॉक: सोय चांगली, पण भिस्त ठेवू नका

2017 च्या क्रिएटर्स अपडेटपासून विंडोज 10 मध्ये आलेली ही सोय 11 मध्येही आहे, आणि फुकट आहे. मोबाइल खिशात घेऊन तुम्ही उठलात की ब्लूटूथचा सिग्नल क्षीण होतो आणि कॉम्प्युटर आपोआप लॉक होतो.

आधी सेटिंग्जमधल्या ब्लूटूथ विभागातून फोन पेअर करा. मग अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, डायनॅमिक लॉक, आणि तिथल्या चौकोनात टिक. दोन मिनिटांचं काम.

खरी गोम अंतरात आहे. ब्लूटूथ साधारण 10 मीटर पोचतं, प्लायवूडच्या पार्टिशनमधूनही जातं. म्हणजे चहाचं मशीन शेजारच्या खोलीत असेल तर तुम्ही कप रिकामा करून परत याल, तरी स्क्रीन उघडीच. रेंज सुटल्यावरही लॉक पडायला मिनिटभर जाऊ शकतं. तेवढ्या वेळात कुणीही मेल पाठवू शकतं! फोन चार्जिंगला टेबलावरच राहिला तर विषयच संपला. आणि परत आल्यावर आपोआप उघडेल ही अपेक्षा नको. पिन किंवा बोटाचा ठसा द्यावाच लागतो.

म्हणून जोडीला स्क्रीन सेव्हर हवाच: 'ब्लँक' निवडा, वेळ 5 मिनिटं, आणि 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' वर टिक. ही टिक विसरली तर तो नुसता काळा पडदा, माउस हलवला की सगळं उघडं. व्हिडिओ चालू असेल तर बहुतेकदा तोही लागत नाही.

पाचपैकी तीन तारे. उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबणारी बोटं याहून भरवशाची.