परभणीच्या मे महिन्यात ओव्हरक्लॉक केलेला २५००के : वर्षभर वापरल्यावर

इंटेलचा कोअर आय५ २५००के हा प्रोसेसर आला २०११ च्या जानेवारीत. माझ्याकडे तो अजूनही लग्नांच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, टर्बोत, म्हणजे कामाचा ताण आला की आपोआप वाढून, ३.७. मी तो ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, ४.४ वर नेला त्याला आता तिन्ही ऋतू झाले. एक्स्पोर्टचा, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढण्याचा, वेळ चांगलाच कमी झाला, त्याबद्दल तक्रार नाही. डोकेदुखी तापमानाची, कारण सगळीकडे फिरणारे ‘सेफ’ आकडे बहुतेक एसीतल्या मशीनचे असतात.

आधी एक घोळ मिटवू. इंटेलच्या कागदावर ७२.६ अंश ही मर्यादा दिसते आणि लोक धसका घेतात. ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर, मधोमध मोजायची आहे. कोअर टेम्प हे सॉफ्टवेअर दाखवतं ते आतल्या कोअरचं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाचं, तापमान. त्याची हद्द ९८. तिथे पोचल्यावर चिप आपणहून वेग उतरवते, लगेच जळत नाही. म्हणून ९५ वर रोज राबवायचं असंही नाही. तासन्‌तास काम असेल तर ८० च्या आत, हा माझा हिशोब. एएमडी कंपनीच्या जुन्या फेनम किंवा एफएक्स प्रोसेसरवाल्यांनी मात्र हे आकडे उचलू नयेत. त्यांची हद्द साठ-सत्तरीच्या आसपासच संपते.

आता आपल्याकडचं. माझी खोली पत्र्याची. जानेवारीत रात्री खोलीत १८ अंश होते, तेव्हा ४.४ आणि १.३० व्होल्टवर प्राइम९५ हे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं तर कोअर ६२. तेच सेटिंग मे महिन्यात दुपारी, खोलीत ४१ असताना, ८५. हीटसिंक (प्रोसेसरवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) कितीही मोठा घ्या, तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितकी तापेल तितका कोअरही चढतो. त्यात लग्नसराई नेमकी एप्रिल-मेचीच! सेटिंग ठरवायचं तर मे महिन्याच्या दुपारी ठरवा, हिवाळ्यातले स्क्रीनशॉट दाखवू नका.

मी वेग ४.२ केला आणि व्होल्टेज १.२२. वेग दोनशे मेगाहर्ट्झने गेला, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे त्याच ४१ अंशात कोअर ७८ वर थांबला. प्राइम९५ मुद्दाम घाम काढतं. खऱ्या एक्स्पोर्टला त्याहून आठेक अंश कमीच दिसतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, दोन्ही प्रोफाइल सेव्ह आहेत. मृग बरसला की ४.४ परत.

खोलीतल्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. गार वाटतं खरं, पण ओलसर हवेने धूळ हीटसिंकच्या पात्यांवर लिंपल्यासारखी बसते आणि मग ब्लोअरनेही निघत नाही. कूलर खिडकीत, कॅबिनेट समोरच्या कोपऱ्यात, आणि हवा बाहेर जायला दार उघडं. जिनिंगच्या बाजूला राहत असाल तर कापसाच्या हंगामात दर पंधरवड्याला पंखा उघडून बघा.

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळली होती, बदलली. चारपाच अंश तिथेच सुटले. आतली पेस्ट बदलायला प्रोसेसरचं झाकण उचकटायच्या भानगडीत पडू नका. या पिढीत चिप आणि झाकणाच्या मध्ये पेस्ट नाही, सोल्डर आहे. सोल्डरऐवजी पेस्ट लावायची काटकसर पुढच्या ३५७०के पासून सुरू झाली.

हे सगळं मशीन आधीच घरात असेल तर. नवीन म्हणून कुणी २५००के विकत असेल तर घेऊ नका. आठव्या पिढीचा जुना आय५ सहा कोअरचा आहे आणि ओव्हरक्लॉक न करताच याच्या पुढे जातो. बोर्ड आणि रॅम बदलावी लागेल, तेवढा खर्च धरा.