जपानी–स्पॅनिश तांत्रिक अनुवाद: माणसं चांगली मिळाली, पण शोधावी लागली

हीट ट्रीटमेंट (पोलाद तापवून-थंड करून त्याचे गुण बदलणं) भट्टीची जपानी मॅन्युअल्स स्पॅनिशमध्ये करून हवी होती. आधी काम एका एजन्सीला दिलं. वेळेत आलं, दिसायलाही देखणं, पण सगळं इंग्रजीमार्गे केलेलं. 'याकिइरे' म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करणं. 'याकिमोदोशी' म्हणजे ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा घालवणं. स्पॅनिशमध्ये पहिलं 'तेंप्ले', दुसरं 'रेवेनिदो'. दुसऱ्याला इंग्रजीत 'टेंपरिंग' म्हणतात, त्या शब्दाच्या नादाने एजन्सीने दोन्हीकडे 'तेंप्ले' लिहिलं! भट्टीवरच्या माणसाने ते वाचून रेवेनिदो गाळलं तर डाय (पोलादी साचा) तडकायला कितीसा वेळ?

आता ज्यांच्याकडे जातो ते दोघेच आहेत. अनुवादिका मूळची स्पॅनिशभाषक, जपानी कारखान्यात काम केलेली, तपासणारा टूलरूममधला, म्हणजे जिथे डाय बनतात तिथला. अनुवादसेवेसाठीच्या आयएसओ १७१०० या आंतरराष्ट्रीय मानकात दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून पाहणं सक्तीचं आहे, आणि हे दोघं ते खरोखर करतात. सुरुवातीलाच ड्रॉइंग मागितली, वाचणारे मेक्सिकोतले की स्पेनमधले ते विचारलं. एसकेडी ११ हे पोलादाचं जेआयएस (जपानी मानकातलं) नाव तसंच ठेवून टीपेत डी २ हा जवळचा अमेरिकन ग्रेड दिला. शंकांची यादीही सोबत आली. असं काम बघून जीव सुखावतो.

घाईचं काम ते घेत नाहीत. कोणाकडेही जा, पण आधी टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि हार्डनेसचा (कडकपणाचा) तक्ता असलेलं एक पान नमुन्याला द्या, आणि त्याचे पैसेही द्या.