कोणता नटक्रॅकर बघावा? न्यूयॉर्क, लंडन की मॉस्को

नटक्रॅकर हा एकच बॅले आहे असं समजून तिकीट काढणारे बरेच असतात. त्यांचं चुकतं असंही नाही. रशियन संगीतकार चायकोवस्कीचं संगीत सगळीकडे तेच, वाढत जाणारं ख्रिसमसचं झाड तेच, उंदरांचा राजा आणि बर्फाचा नाचही तोच. पण पडदा वर गेला की कुठे दहा-बारा वर्षांची पोर समोर येते, तर कुठे विशी-पंचविशीतली कसलेली नर्तिका. कुठे ही नायिका दुसरा अख्खा अंक सिंहासनावर बसून इतरांचे नाच बघते, तर कुठे शेवटचा सगळ्यात अवघड नाच तीच नाचते. तिकिटाला एवढे पैसे मोजायचे असतील, तर यातलं आपल्याला काय बघायचंय ते आधी ठरवलेलं बरं.

हा फरक का पडला, ते थोडक्यात सांगतो. मूळ कथा जर्मन लेखक हॉफमनची, 1816 सालची आणि बरीच भीतिदायक. फ्रान्समध्ये अलेक्झांडर द्यूमानं 1844 मध्ये ती गोड करून पुन्हा सांगितली, आणि बॅलेसाठी हीच गोड आवृत्ती घेतली गेली. ख्रिसमसच्या संध्याकाळी ड्रॉसेलमायर हा गूढ, जादूगारासारखा पाहुणा एका मुलीला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला देतो. रात्री उंदरांची फौज चालून येते, बाहुला लढतो, मुलगी त्याला वाचवते, बाहुल्याचा राजपुत्र होतो आणि दोघं मिठाईच्या राज्यात जातात. नृत्यदिग्दर्शक मारियस पेतिपानं याचा आराखडा मिनिटामिनिटाच्या हिशेबानं बांधला, पण तो आजारी पडला आणि नाच बसवायचं काम त्याचा सहायक लेव्ह इवानोवकडे आलं. 18 डिसेंबर 1892 रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मरिन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तोही चायकोवस्कीच्याच 'इओलांता' या ऑपेराला जोडून.

समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. पहिला अंक मुलांच्या धांगडधिंग्यात जातो आणि मुख्य नर्तिकेला जवळजवळ शेवटापर्यंत कामच नसतं. गोष्ट एका मुलीची आणि कळसाचा नाच मात्र शुगर प्लम फेअरीचा. आपण तिला साखरपरी म्हणू. पहिल्या अंकात या साखरपरीचा पत्ताच नसतो. हा सांधा मुळातच निखळलेला आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत ज्यानं ज्यानं नटक्रॅकर बसवला त्यानं तो आपापल्या पद्धतीनं जोडला, आणि तुमची निवडही त्याच जोडावर ठरणार आहे.

न्यूयॉर्क: मुलगी ती मुलगीच

न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलनशीननं 1954 साली बसवलेल्या प्रयोगात सांधा जोडायचा प्रयत्नच नाही. मुलीचं काम खरोखरची लहान मुलगी करते, राजपुत्राचंही एक मुलगाच. साखरपरी आणि तिचा जोडीदार वेगळे, मोठे, कंपनीतले पहिल्या फळीचे नर्तक. पहिल्या अंकात शास्त्रशुद्ध बॅले फार कमी आहे. पाहुणे येतात, भेटवस्तू उघडल्या जातात, मुलगे मुलींना छळतात, आजोबा नाचतात. ज्याला नुसता 'नाच' बघायचाय तो पहिला अर्धा-पाऊण तास चुळबुळ करतो. मुलं मात्र करत नाहीत, कारण रंगमंचावर त्यांच्याच वयाची आणि त्यांच्यासारखीच वागणारी माणसं असतात.

मग झाड वाढायला लागतं. 12 फुटांचं झाड बघता बघता 41 फुटांवर जातं. वजन एक टन. चायकोवस्कीनं या जागेला लिहिलेलं संगीत एकाच सुरावटीची पायरी चढवत चढवत असं काही फुगत जातं की झाड थांबलं तरी ते अजून वाढतंय असं वाटत राहतं. या एका दृश्यासाठी बॅलनशीननं खर्चाबाबत जराही माघार घेतली नाही, असं सांगतात. लहान मुलांना बॅलेची पहिली ओळख करून द्यायची असेल तर मी डोळे मिटून हाच प्रयोग सुचवेन, आणि त्याचं निम्मं कारण हे झाड आहे.

उरलेलं निम्मं कारण दुसऱ्या अंकात आहे. बॅलनशीन स्वतः मरिन्स्कीच्या शाळेत वाढलेला, विद्यार्थीदशेत याच बॅलेत नाचलेला. राजपुत्र उंदरांशी झालेल्या लढाईची हकिकत हातवाऱ्यांनी सांगतो तो मूकाभिनय त्यानं लहानपणच्या आठवणीतून आणला. रिंगण घेऊन उड्या मारण्याचा 'कँडी केन' नाचही तिथलाच. साखरपरीचा एकल नाच मात्र त्यानं शेवटून उचलून दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीलाच ठेवला, म्हणजे प्रेक्षकांना फार वाट बघावी लागत नाही. 'फुलांच्या वॉल्ट्झ'मध्ये 'ड्यूड्रॉप' (दवबिंदू) नावाची एक मुख्य नर्तिका घातली. माझ्या मते संपूर्ण प्रयोगात वेगाची खरी मजा तिच्यातच आहे, साखरपरीपेक्षाही जास्त.

खटकतं ते हे की मुलगी आणि राजपुत्र दुसऱ्या अंकात प्रेक्षक होऊन बसतात. गोष्ट तिथे थांबते आणि मेजवानी सुरू होते. शेवटी दोघं उडत्या गाडीतून निघून जातात, घरी परत येतच नाहीत. 'मग ती आईकडे केव्हा जाते?' असा प्रश्न शेजारच्या खुर्चीवरून आला तर उत्तर तयार ठेवा.

व्यवहाराचं बोलायचं तर लिंकन सेंटरच्या डेव्हिड कोक नाट्यगृहात हा प्रयोग थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सुरू होतो आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो. न्यू जर्सीत एडिसन किंवा प्रिन्स्टनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना रेल्वेगाडीनं पेन स्टेशन आणि तिथून सबवेनं थोडं वर, इतकं सोपं आहे. ख्रिसमसच्या आठवड्यातली तिकिटं सगळ्यात महाग. नोव्हेंबरअखेरची किंवा आठवड्यामधली बघा. वरच्या मजल्यावरच्या स्वस्त जागांना नाक मुरडू नका. बर्फाच्या नाचातल्या रांगा आणि वर्तुळं वरूनच नीट उमगतात.

लंडन: गोष्ट पूर्ण हवी असेल तर

पीटर राइटनं रॉयल बॅलेसाठी 1984 मध्ये बसवलेला प्रयोग नेमका उलट्या टोकानं सुरू होतो. पडदा उघडतो तो ड्रॉसेलमायरच्या कार्यशाळेत. त्यानं एकदा उंदरांचा सापळा बनवला होता. सूड म्हणून उंदरांच्या राणीनं त्याच्या पुतण्याला, हान्स पीटरला, लाकडी बाहुला करून टाकलंय. उंदरांचा राजा मेला आणि त्या कुरूप बाहुल्यावर कुणी मुलीनं माया केली तरच शाप सुटणार. म्हणजे ड्रॉसेलमायर पार्टीला येतो तो नुसता गंमत करायला नाही, त्याला क्लाराचीच, म्हणजे गोष्टीतल्या मुलीचीच, गरज आहे. हॉफमनच्या कथेतला हा धागा बहुतेक बॅलेंनी सोडून दिला होता. राइटनं तो परत ओवला आणि अचानक सगळ्याला अर्थ आला.

इथली क्लारा तरुण नर्तिका करते, पण ती साखरपरी होत नाही. ती आणि हान्स पीटर दुसऱ्या अंकात बसून राहत नाहीत. स्पॅनिश, रशियन अशा नाचांत स्वतः घुसतात, फुलांच्या वॉल्ट्झमध्ये नाचतात. निखळलेला सांधा असा जोडलाय की शिवण दिसत नाही. शेवटी क्लारा घरी येते, आणि हान्स पीटर माणूस होऊन काकाच्या कार्यशाळेत परततो. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं ते इथे, झाडापाशी नाही.

या प्रयोगाचं आणखी एक मोल आहे. क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव मरिन्स्कीच्या बॅलेंची सांकेतिक टिपणं घेऊन रशियाबाहेर पडला. त्यांच्या आधारे त्यानं 1934 मध्ये लंडनला नटक्रॅकर उभा केला. त्यामुळे साखरपरी आणि तिच्या राजपुत्राचा दुहेरी नाच रॉयल बॅलेत इवानोवच्या मूळ रचनेला धरून टिकला. 1892 मध्ये लोकांनी काय पाहिलं असेल, याचा अंदाज घ्यायचा तर या जागेवर लक्ष द्या. तिचा एकल नाच इथे अंकाच्या शेवटाकडेच आहे, सेलेस्टाच्या काचेसारख्या किणकिणत्या सुरांवर. हे वाद्य तेव्हा इतकं नवं होतं की चायकोवस्कीनं पॅरिसमध्ये ते ऐकलं आणि प्रकाशकाला ते गुपचूप मागवायला सांगितलं. रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव या दुसऱ्या रशियन संगीतकारांना सुगावा लागून त्यांनी ते आधी वापरलं तर, अशी त्याला धास्ती होती.

ज्युलिया ट्रेव्हेल्यन ओमनचं नेपथ्य जुन्या जर्मन घरातलं, तपशिलानं खच्चून भरलेलं आहे. पहिल्या अंकात नजर कुठे ठेवावी कळत नाही. म्हणूनच रॉयल ऑपेरा हाउसमध्ये घोड्याच्या नालासारख्या सज्ज्यांच्या टोकाची स्वस्त जागा घेताना जपा, अर्धा रंगमंच दिसत नाही आणि झाड नेमकं त्या न दिसणाऱ्या अर्ध्यात असू शकतं. दुसरं, हा प्रयोग दर नाताळात असेलच असं नाही. एखाद्या हंगामात त्याची जागा दुसरा बॅले घेतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी वेळापत्रक बघा. नसेल तर राइटनंच 1990 मध्ये बर्मिंगहॅमसाठी बसवलेला नटक्रॅकर आहे. लंडनमध्येच इंग्लिश नॅशनल बॅलेचाही असतो, 2024 पासून नव्या रूपात.

मॉस्को: बालपण संपल्याची गोष्ट

युरी ग्रिगोरोविचनं मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहासाठी 1966 मध्ये सरळ साखरपरीच काढून टाकली. मिठाईचं राज्यही गेलं. मुलगी आणि राजपुत्र झाडाच्या फांद्यांमधून वर वर जातात, उंदीर दुसऱ्या अंकातही पाठलाग सोडत नाहीत, आणि शेंड्यावर पोचल्यावर दोघांचं लग्न लागतं. कळसाचा दुहेरी नाच आणि सेलेस्टाचा तुकडा दोन्ही आता नायिकेचे. सांधा तोडूनच प्रश्न मिटवला म्हणा. मुलांच्या पार्टीतसुद्धा मोठेच नर्तक दिसतात, त्यामुळे नाचाचा दर्जा पहिल्या मिनिटापासून वरचा असतो आणि घरगुतीपणा कमी. दुहेरी नाचाचं संगीत म्हणजे खरं तर एक साधी उतरती सप्तसुरी. ती ऐकताना साखरेच्या परीपेक्षा निरोप घेणारी मुलगी डोळ्यांसमोर असणं मला जास्त पटतं. कारण लगेच ती जागी होते, आणि हातात उरतो लाकडी बाहुला.

आपल्या वाचकांसाठी यात एक गंमत आहे. इतरत्र 'अरबी' म्हणून होणारा संथ नाच बोल्शोईत भारतीय बाहुल्यांच्या जोडीला दिलाय. मूळ सुरावट जॉर्जियातल्या अंगाईची, चायकोवस्कीच्या वहीत ती अरबी, आणि मॉस्कोत हिंदुस्थानी. आपल्या नाचाशी तिचा संबंध शोधू नका, सापडणार नाही. या परदेशी नाचांचा प्रश्न सगळीकडेच आहे. चिनी नाचातले चेष्टेचे हावभाव न्यूयॉर्क सिटी बॅलेनं 2017 मध्ये बदलले, लंडननंही दुरुस्त्या केल्या. मुलांबरोबर जाणार असाल तर यावर दोन शब्द बोलायची तयारी असू द्या.

रशियात हा बॅले ख्रिसमसपेक्षा नववर्षाशी जोडलेला. तिथला ख्रिसमस 7 जानेवारीला येतो, आणि 31 डिसेंबरचं बोल्शोईचं तिकीट म्हणजे प्रतिष्ठेची वस्तू. थंडीत रांगा, वर काळाबाजार. मी प्रत्यक्ष जायच्या भानगडीत पडू नका असंच म्हणेन. येकातेरिना मक्सिमोवा आणि व्लादिमीर वासिलिएव या मूळ जोडीचं चित्रीकरण आहे, ते बघा. 1966 मध्ये पहिला प्रयोग यांनीच केला होता.

मग कुणी काय घ्यावं

पाच ते दहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर न्यूयॉर्क, फार विचार नको. आई-वडील मुलांकडे आले आहेत, बॅले कधी पाहिलेला नाही, 'काय चाललंय ते कळलं पाहिजे' असं म्हणणारे आहेत, तर लंडन. तिथे सूत्र शब्दांवाचून समजतं. चायकोवस्की आवडतो पण नाताळच्या गोडव्याचा कंटाळा येतो, अशांनी बोल्शोई. आणि नटक्रॅकर पाहून पाहून वैतागलेल्यांसाठी मॅथ्यू बोर्नचा 1992 चा अनाथाश्रमातला किंवा मार्क मॉरिसचा 1991 चा 'हार्ड नट', ज्यात पुरुषही झालरीच्या घागऱ्यात बर्फ होऊन नाचतात. पहिलाच अनुभव म्हणून मात्र हे नकोत. विडंबन कशाचं आहे ते माहीत नसेल तर त्यातली अर्धी मजा जाते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना चौथा पर्यायही आहे: गावातल्या बॅले शाळेचा नटक्रॅकर. तिथे साखरपरी पाहुणी बोलावलेली असते, आणि उंदरांच्या फौजेत तुमच्या ओळखीतलं कुणीतरी हमखास निघतं. तिकीट स्वस्त, मूल रडलं तर कुणी वळून बघत नाही. अगदी लहानग्याला मोठ्या नाट्यगृहात न्यायच्या आधी इथे त्याचा दोन तास बसायचा दम बघून घ्यावा. मोठ्या नाट्यगृहांत वयाची अटही असते, ती बुकिंगच्या पानावर वाचा.

पुण्या-मुंबईत बसून बघणार असाल तर तिन्ही पडद्यावर मिळतात, पण पडद्यावर न्यूयॉर्क सगळ्यात जास्त गमावतं. 41 फुटांचं झाड फोनवर चार बोटांचं होतं. 1993 चं चित्रीकरण आहे, मुलांना चालेल. रॉयल बॅलेचं मात्र पडद्यावर उलट खुलतं, कारण अभिनय जवळून दिसतो. त्यातही मियाको योशिदा साखरपरी, अलिना कोजोकारू क्लारा आणि अँथनी डॉवेल ड्रॉसेलमायर असलेलं चित्रीकरण शोधा. उंदरांशी लढाई संपल्यावर क्लारा त्या पडलेल्या बाहुल्याकडे कशी जाते, तेवढी दोन मिनिटं आधी बघा. ती आवडली तर पूर्ण लावा, नाही तर बोल्शोईकडे वळा.